हवा मागे सोडायची कशी: एका जुन्या हॅचबॅकच्या बॉडीवर केलेला प्रोजेक्ट

पार्श्वभूमी

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पाच जणांच्या टीमचं हे प्रकरण. नावं, कॉलेज, गाडीचं मॉडेल सगळं काढून टाकलंय, बाकी जे घडलं ते तसंच लिहितोय. मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काम केलंय आणि त्याच कॉलेजात शिकलोय, त्यामुळे ही मुलं माझ्याकडे आली आणि पहिल्या दिवसापासून मला दादा म्हणायला लागली. प्रोजेक्टचा प्रश्न एका ओळीचा होता. इंजिन, गिअर, टायर कशालाच हात लावायचा नाही, फक्त बॉडीचा आकार बदलायचा आणि हायवेच्या स्पीडला मायलेज किती वाढतं ते बघायचं.

गाडी म्हणजे वर्कशॉपमध्ये पडून असलेली एक जुनी पेट्रोल हॅचबॅक, ड्रायव्हर आणि सामान धरून वजन साधारण १००० किलो. समोरून बघितलं तर हवेला अडवणारा पृष्ठभाग सुमारे २ चौरस मीटर. जागाही चांगली मिळाली होती, वापरात नसलेली एक सरळ लांब धावपट्टी, परवानगी फक्त सकाळची.

पुढचं समजायला थोडं गणित लागेल. गाडीला पुढे जाताना सपाट रस्त्यावर मुख्यतः दोन गोष्टी अडवतात, टायरचं रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे टायर फिरताना होणारा विरोध, आणि हवेचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध. टायरचा भाग स्पीडप्रमाणे फारसा बदलत नाही, हवेचा मात्र स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ४५ चे ९० केले की ड्रॅग चौपट, आणि त्याला ढकलायला लागणारी पॉवर आठपट. ड्रॅग ठरतो चार गोष्टींवर: हवेची घनता, स्पीडचा वर्ग, समोरचं क्षेत्रफळ, आणि ड्रॅग कोएफिशियंट, ज्याला आम्ही बोलताना नुसतं सीडी म्हणतो. सीडी म्हणजे आकार हवेतून किती सहज जातो त्याचा नंबर, तो जितका कमी तितकं चांगलं. आमच्या गाडीचा सुरुवातीच्या मोजणीतून ०.३६ च्या आसपास निघाला. त्या हिशोबाने ताशी ९० किमीला हवेचा ड्रॅग २७० न्यूटन आणि टायरचा ११८, म्हणजे एकूण विरोधाचा जवळजवळ ७० टक्के भाग नुसती हवा. दोघांची बरोबरी होते ताशी ६० किमीच्या आसपास, त्याच्या खाली टायर आणि वजन महत्त्वाचं, त्याच्या वर हवा.

ही ६० ची रेघ लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

अडचण काय होती

अडचण अशी की टीमने मोजायच्या आधी बनवायला घेतलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही. ही माझी चूक, ती आधीच सांगून टाकतो.

सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं, टोकदार नाक हवेला कापत जातं. हे चित्र फार खोलवर बसलेलं आहे, बाणाचं टोक, विमानाचं नाक, रेसिंग कारचं नाक, सगळीकडे तेच दिसतं. टीममधल्या एका मुलीने कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलं, गाडीचं साधं मॉडेल बनवून त्यावर नवं नाक बसवलं, आणि स्क्रीनवर ड्रॅग १५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. मग काय, सगळे कामाला लागले. फोम, फायबर, पुट्टी, घासकाम, रात्री जागून चार आठवडे मेहनत केली, आणि खरंच देखणं नाक तयार झालं. वर्कशॉपचे मामा रोज येऊन हात फिरवून बघायचे आणि म्हणायचे पोरांनो काम एक नंबर झालंय.

पहिल्या टेस्टला फरक शून्य आला.

टेस्टची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोस्ट-डाउन म्हणतात. गाडी ९० च्या वर न्यायची, न्यूट्रल टाकायची, आणि ती आपोआप ९० वरून ५० पर्यंत उतरायला किती सेकंद घेते ते जीपीएस लॉगरने नोंदवायचं. इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं नाही, नाहीतर ब्रेकची आणि स्टेअरिंगची मदत जाते. जास्त सेकंद लागले म्हणजे विरोध कमी. मूळ गाडीला सरासरी ४१.५ सेकंद लागले. नवीन नाक लावून ४१.६. दोन रनमध्येच अर्ध्या सेकंदाचा फरक पडत होता, म्हणजे ०.१ ला काहीच अर्थ नाही.

सगळ्यांचे चेहरे उतरले. ती मुलगी दोन दिवस वर्कशॉपला आली नाही.

नाक का चाललं नाही

मॉडेल नीट उघडून बघितलं तेव्हा कारण सापडलं. सिम्युलेशनसाठी गाडी सोपी करताना पुढच्या सगळ्या कडा धारदार झाल्या होत्या, अगदी खोक्यासारख्या. खोक्याच्या धारदार कडेवरून हवा वळू शकत नाही, ती सुटते, आणि तिथे नाक गोल केलं की फरक प्रचंड दिसणारच. पण खऱ्या गाडीचा बंपर, बोनेटची कड, ए-पिलर म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूचे खांब, हे सगळं कंपनीने आधीच गोल केलेलं होतं. म्हणजे मुलांनी जो फायदा कॉम्प्युटरवर मिळवला तो गाडीत कारखान्यातूनच आलेला होता.

याचं जुनं उदाहरण मी त्यांना सांगितलं, फोक्सवॅगनच्या पहिल्या व्हॅनचं. १९४९ च्या सुमारास तिचं सपाट तोंडाचं मॉडेल जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेच्या झोतात ड्रॅग मोजायच्या बोगद्यात, नेलं, सीडी आला ०.७५. पुढचं तोंड गोलसर केलं आणि तोच ०.४४ वर आला. व्हॅन खोकाच राहिली, नाक काही टोकदार झालं नाही, फक्त कडा गोल झाल्या आणि हवा बाजूंना चिकटून वाहू लागली. पुढच्या भागाचं काम एवढंच असतं, हवेला सुटू न देता बाजूला वळवणं. तेवढं झालं की त्यापुढे टोक काढून हाती फार थोडं लागतं.

मग ड्रॅग येतो कुठून? मागून. हवा गाडीच्या अंगावर घासते त्याचा ड्रॅग कारमध्ये कमी असतो, खरा मार दाबाच्या फरकाचा. पुढून हवा दाबते आणि मागे जिथे हवा बॉडीला सोडून देते तिथे कमी दाबाचा, गोल गोल फिरणाऱ्या हवेचा एक मोठा पोकळ भाग तयार होतो जो गाडीला मागे ओढत राहतो. हॅचबॅकची मागची काच का लवकर मळते, तिला मागे वायपर का लागतो? ती फिरणारी हवा रस्त्यावरची धूळ आणि चिखल उचलून काचेवर आणून टाकते म्हणून. सेडानला बहुतेक वेळा मागचा वायपर नसतो. त्या मळक्या काचेकडे बघितलं की ड्रॅग डोळ्यांना दिसतो, हे मी मुलांना दाखवलं तेव्हा पहिल्यांदा सगळे बोनेट सोडून डिकीच्या बाजूला येऊन उभे राहिले.

कोणते पर्याय होते

निम्मी टर्म संपली होती. फळ्यावर चार पर्याय लिहिले आणि दोन तास वाद झाला.

पहिला पर्याय, नाक अजून सुधारायचं. टीम लीडर याच बाजूचा होता, एवढी मेहनत वाया कशी घालवायची म्हणून. त्याची तळमळ कळत होती, पण मी स्पष्ट सांगितलं की चार आठवडे गेले ते गेले, पाचवा घालवायचा की नाही हाच आता प्रश्न आहे. नाक काढून ठेवलं.

दुसरा, आरसे काढून कॅमेरे लावायचे. आरसे बाहेर आलेले असतात, ड्रॅग करतातच, आणि काही कंपन्यांनी कॅमेरावाले आरसे दिलेतही, ऑडीने ई-ट्रॉनवर दिले होते. पण टेस्ट करताना ड्रायव्हरला मागचं दिसलं पाहिजे, आणि घरगुती कॅमेरा जुळवून त्या स्पीडला भरवसा ठेवणं मला पटलं नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाद.

तिसरा, खालची बाजू आणि चाकं. गाडी खालून बघितली तर एक्झॉस्ट, सस्पेन्शन, टाकी, क्रॉस मेंबर, सगळं उघडं, आणि हवा त्यात अडकत अडकत जाते. चाकं आणि चाकांच्या खोबणी मिळून कारच्या ड्रॅगचा साधारण चौथा भाग करतात असं या क्षेत्रात धरतात. होंडाने १९९९ च्या इनसाइटला मागची चाकं अर्धी झाकली होती, सीडी ०.२५ होता, त्यामागे असलीच बारीकसारीक कामं होती. या पर्यायात बघायला काही सुंदर नाही, कोणी फोटो काढणार नाही, त्यामुळे मुलांना त्यात रस कमी.

चौथा, मागे शेपूट जोडायचं. छत आणि दोन्ही बाजू थोड्या लांबवून आत वळवायच्या म्हणजे हवा हळूहळू जवळ येते, दाब सावरतो आणि मागचा पोकळ भाग लहान होतो. चित्रात पाण्याचा थेंब काढतात तो आकार हाच, पुढून जाड गोल आणि मागे निमुळता. लोकांना तो उलटा वाटतो, बारीक बाजू पुढे असावी असं वाटतं. एडमंड रुम्प्लरने १९२१ साली असाच थेंबाच्या आकाराचा ट्रॉफेनवागेन बनवला होता, त्या काळच्या खोक्यासारख्या गाड्यांमध्ये, आणि १९७९ मध्ये फोक्सवॅगनच्या विंड टनेलमध्ये तो मोजला तेव्हा सीडी निघाला ०.२८. जवळजवळ साठ वर्षं जुनी गाडी, आणि नंबर आजच्या कितीतरी गाड्यांच्या बरोबरीचा. हे ऐकून मुलांचा मूड परत आला.

ठरलं, आधी शेपूट, मग खालचं काम. क्रम उलटा असता तर बरं झालं असतं असं मला आज वाटतं, त्याबद्दल खाली.

त्याआधी मोजणी सुधारली

एक काम मात्र मी अडून करून घेतलं. शेपटाला हात लावण्याआधी मोजणी भरवशाची करायची. पहिल्या दोन सकाळचा डेटा आम्ही फेकून दिला, कारण एका सकाळी टायरची हवा तपासलीच नव्हती आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. लोकांना वाटतं टायरच्या हवेचा मायलेजवर थोडासा परिणाम असेल, पण इथे आपण ड्रॅगमधला काही टक्क्यांचा बदल शोधतोय आणि टायर कमी हवेचा असला की तो बदल पूर्ण बुडून जातो. हवेची घनतासुद्धा तापमान १० अंशांनी वाढलं की तीन टक्क्यांच्या आसपास कमी होते, म्हणजे थंड सकाळची मूळ गाडी आणि उन्हातली सुधारलेली गाडी यांची तुलना केली तर आयता फायदा दिसणार, बॉडीला काही न करता.

म्हणून नियम केले. प्रत्येक सकाळी आधी मूळ गाडीचे रन, मग बदल लावून रन, मग बदल काढून परत मूळ गाडीचे रन. दोन्ही दिशांनी सारखे रन, म्हणजे वारा आणि उतार बराचसा वजा होतो. प्रत्येक अवस्थेचे किमान दहा. टायर आधी दहा किलोमीटर फिरवून गरम करायचे. टाकीत पेट्रोल रोज त्याच खुणेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पहाटे उठून तेच तेच करायचं, पण मुलांनी मनापासून केलं आणि या प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यात जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो.

पहिलं शेपूट, आणि उलटा निकाल

शेपूट सनबोर्ड (फोमची हलकी शीट) आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं केलं. लांबी ४५ सेंटिमीटरच्या वर नेणं शक्य नव्हतं, जास्त झालं तर हलायला लागतं. मुलांना मागचं टोक शक्य तितकं बारीक हवं होतं, कारण पोकळ भाग जितका लहान तितका ड्रॅग कमी, हे त्यांना आता पटलं होतं. पण लांबी कमी आणि टोक बारीक, दोन्ही एकदम मागितलं की कोन वाढतो. छताचा उतार आला २८ अंश.

तो आकडा मी वेळेत विचारायला हवा होता. जर्मनीत एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली एका साध्या, कारच्या प्रमाणातल्या ठोकळ्यावर मागच्या उताराचा कोन बदलत ड्रॅग मोजला होता, तो ठोकळा आजही जगभर अहमद बॉडी म्हणून टेस्टला वापरतात. त्यात कोन साधारण १२ अंशांच्या आसपास असताना ड्रॅग सगळ्यात कमी होता, पुढे वाढत वाढत ३० अंशांना सगळ्यात जास्त झाला आणि त्याच्या पलीकडे एकदम खाली पडला. कारण असं, ३० च्या जवळ हवा उतारावरून पूर्ण सुटतही नाही आणि नीट चिकटूनही जात नाही, दोन्ही कडांवरून आत वळताना तिचे दोन जोरदार भोवरे तयार होतात, आणि त्या भोवऱ्यांमुळे उतारावर दाब खूप कमी होतो. ३० च्या पुढे भोवरे मोडतात, हवा सरळ सुटते आणि ड्रॅग उलट कमी होतो. म्हणजे जवळपास उभ्या पाठीच्या हॅचबॅकला आम्ही स्वतःच्या हाताने सगळ्यात वाईट कोनाजवळ नेत होतो.

मला हे माहीत होतं. कामाच्या गडबडीत मी कोन विचारला नाही आणि मुलांनी सांगितला नाही.

निकाल ४०.६ सेकंद. मूळ गाडीपेक्षा जवळजवळ एक सेकंद कमी, म्हणजे ड्रॅग वाढला. आणि ड्रायव्हिंग करणारा मुलगा खाली उतरल्या उतरल्या म्हणाला, "दादा, ९० च्या पुढे मागून गाडी हलकी वाटते." तेव्हा मी त्या दिवसाची टेस्ट तिथेच बंद केली. उतारावर दाब कमी झाला म्हणजे मागचा भाग वरही ओढला जातो, आणि मागच्या टायरवरचं वजन कमी झालं की गाडी वळवताना मागून सुटू शकते. रन अजून सहा बाकी होते, टीमला ते पूर्ण करायचे होते, थोडी नाराजी झाली. त्या निर्णयावर मी आजही ठाम आहे.

धागे लावले तेव्हा चित्र दिसलं

पुढच्या खेपेला स्पीड कमी ठेवून, ताशी ६० च्या आत, शेपटावर आणि मागच्या बाजूंना लोकरीचे बोटभर लांब धागे टेपने चिकटवले, शंभरेक असतील, आणि मागून दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढला. खर्च जवळजवळ काही नाही आणि जे दिसतं ते कुठल्याही स्क्रीनवर इतकं स्पष्ट दिसत नाही. छतावरचे धागे सरळ मागे झोपलेले. शेपटाच्या मधले बऱ्यापैकी सरळ. पण दोन्ही कडांचे धागे आत वळून गरागरा फिरत होते. भोवरे तिथे डोळ्यांसमोर. सिम्युलेशन करणारी ती मुलगी तो व्हिडिओ दहा वेळा बघत बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने मॉडेल पुन्हा बनवलं, यावेळी खऱ्या गाडीवरून मापं घेऊन, गोल कडा, चाकं, चाकांच्या खोबणी, खालची उघडी बाजू सगळं धरून. नव्या मॉडेलमध्ये तेच भोवरे आले. माझ्या मते प्रोजेक्ट खऱ्या अर्थाने सुरू झाला तो त्या संध्याकाळी.

मग काय केलं

दुसरं शेपूट १२ अंशांचं. त्याच ४५ सेंटिमीटरमध्ये छत फक्त साडेनऊ सेंटिमीटर खाली येतं, बाजूही तशाच थोड्या आत, आणि मग सरळ कापून टाकलं. दिसायला अर्धवट वाटतं, मुलं म्हणाली दादा हे तुटल्यासारखं दिसतंय. पण ही कल्पना फार जुनी आणि पक्की आहे, १९३० च्या दशकात वुनिबाल्ड काम नावाच्या इंजिनिअरने दाखवलं की थेंबाचं लांबलचक शेपूट पूर्ण करायची गरज नाही, हवा चिकटून आहे तिथपर्यंत निमुळतं करायचं आणि मग सरळ कापायचं, बहुतेक फायदा तेवढ्यात मिळतो. कापलेली कड धारदार ठेवायची, गोल करायची नाही, म्हणजे हवा नेमकी तिथेच सुटते. पुढच्या कडा गोल आणि मागची कड धारदार, हे ऐकायला विचित्र वाटतं पण कारण एकच आहे, पुढे हवेला सुटू द्यायचं नाही आणि मागे ती कुठे सुटेल ते आपण ठरवायचं.

४२.९ सेकंद. मूळ गाडीपेक्षा जवळजवळ दीड सेकंद जास्त. धावपट्टीवर मुलांनी आरडाओरडा केला, मामा पण आले होते त्या दिवशी.

मग खालचं काम. इंजिनखालून मागच्या एक्सलपर्यंत सपाट शीट, एक्झॉस्टच्या भागाला जागा सोडून आणि तिथे शीटऐवजी पत्रा, कारण एक्झॉस्टजवळ प्लॅस्टिक लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. मागच्या चाकांवर झाकण, पुढच्या चाकांच्या पुढे छोटी पट्टी. पुढची चाकं झाकली नाहीत, ती वळतात आणि ब्रेक थंड ठेवायला हवा लागते. बंपर आणि हेडलाइटच्या फटी टेपने बंद. सगळं मिळून ४४.५ सेकंद.

इथे अजून एक निर्णय घ्यावा लागला. पुढची ग्रिल अर्धी बंद केली तर आणखी थोडे पॉइंट मिळत होते, ४४.९ पर्यंत गेलं, कारण ग्रिलमधून आत गेलेली हवा रेडिएटर आणि इंजिनच्या खोलीत धडपडत बाहेर पडते तोही ड्रॅगच. पण खाली शीट लावल्यामुळे गरम हवेची बाहेर जायची वाट आधीच कमी झाली होती, आणि तिसऱ्या रनला कूलंटचं तापमान नेहमीच्या वर चढलं. ग्रिल उघडली. नवीन गाड्यांमध्ये गरजेप्रमाणे उघडझाप करणारे शटर असतात ते याचसाठी, आमच्याकडे ते नव्हते, मग अर्ध्या सेकंदासाठी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन तापलं की जाणारं सील, धोक्यात घालायचं नाही.

निकाल

४१.५ वरून ४४.५ सेकंद म्हणजे गणिताने हवेचा ड्रॅग सुमारे १२ टक्के कमी झाला. घरगुती सनबोर्डच्या कामाला हे चांगलं म्हणावं लागेल.

पेट्रोल मोजलं तेव्हा मात्र टीमला धक्का बसला. ताशी ९० च्या स्थिर स्पीडला गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवरून मोजलेलं मायलेज लिटरला १९ किमी होतं ते २०.२ झालं, म्हणजे पेट्रोल सहा टक्के कमी लागलं, बारा नाही. मुलांना वाटलं मोजणी चुकली. चुकली नव्हती. ड्रॅग हा एकूण विरोधाच्या ७० टक्के, त्यामुळे त्याच्या १२ टक्क्यांनी एकूण विरोध साडेआठ टक्क्यांच्या आत कमी होतो. आणि इंजिनवरचा लोड कमी झाला की इंजिन थोडं कमी एफिशियंट होतं, स्वतःचं घर्षण आणि हवा ओढण्याचं काम त्याला तेवढंच करावं लागतं, म्हणून आणखी थोडं गळतं. गिअर थोडे लांब केले असते, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन हळू फिरेल असे, तर तो भाग परत मिळाला असता, पण गिअरला हात लावायचा नाही हे आपणच ठरवलेलं.

थांबत-सुटत चालवलं तेव्हा फरक दिसलाच नाही. ६० ची रेघ इथे परत येते, तिच्या खाली मायलेज वजन, टायर आणि ब्रेक मारण्याची सवय ठरवते. किंबहुना शेपूट आणि शीट मिळून काही किलो वजन वाढलेलं, त्यामुळे अशा वापरात झालं तर नुकसानच.

आणि मग तो एक आकडा जो रिपोर्टमध्ये टाकायचा की नाही यावर वाद झाला. मूळ गाडी, एकही बदल न करता, ९० ऐवजी ८० ने चालवली. ड्रॅग २१ टक्के कमी, एकूण विरोध १५ टक्के कमी, मायलेज लिटरला २१ च्या आसपास. म्हणजे संपूर्ण टर्मच्या कामापेक्षा जास्त फायदा ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलून. टीम लीडरला वाटलं हे लिहिलं तर प्रोजेक्टची किंमत कमी होईल. मला उलट वाटलं, की हा आकडा लपवला तर बाकी सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जाईल. शेवटी सिम्युलेशनवाली म्हणाली, "हे दोन्ही एकत्र केलं तर किती होतं ते पण मोजूया ना," आणि तो तक्ता रिपोर्टमध्ये गेला. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच तक्त्यावर विचारले.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात आधी खालची बाजू करेन. ती रस्त्यावर चालू शकते, शेपूट चालू शकत नाही, कारण शेपटाने टेललाइट आणि नंबरप्लेट झाकली जाते, डिकी उघडत नाही, पार्किंगला लांबी वाढते. कंपन्या मागचा भाग मुळातच त्या हिशोबाने ठरवतात, स्पॉयलर, मागच्या काचेच्या बाजूच्या छोट्या पट्ट्या, टेललाइटच्या कडेला दिलेली धारदार रेघ, हे सगळं कापलेल्या शेपटाचंच काम थोड्या जागेत करतं. १९८२ च्या ऑडी १०० ने काचा बॉडीच्या बरोबरीने बसवून आणि असल्याच तपशिलांवर मेहनत घेऊन ०.३० गाठलं होतं, आणि ती रोज वापरायची मोठी सेडान होती. २०२२ ची मर्सिडीज व्हिजन ईक्यूएक्सएक्स ०.१७ ला पोचली, पण ती प्रयोगाची गाडी आहे, तिचं मागचं शेपूट बघा, लांब आणि सरळ कापलेलं.

दुसरं, धागे पहिल्या दिवशी लावेन, फोम कापायच्या आधी. मूळ गाडीवर एक सकाळ धागे लावले असते तर पुढे सगळे धागे सरळ झोपलेले दिसले असते आणि नाकाचे चार आठवडे वाचले असते.

तिसरं, सिम्युलेशन आधी खऱ्या गाडीशी जुळवून घेईन. मूळ गाडीचा सीडी कोस्ट-डाउनने काढायचा, मॉडेलचा त्याच्याजवळ येतो का बघायचं, येत नसेल तर त्या मॉडेलवर कुठलाही बदल तपासायचा नाही. पहिल्या मॉडेलचा आकडा कोणी ताडून बघितलाच नव्हता.

चौथं, क्षेत्रफळ. आम्ही सगळा वेळ सीडीच्या मागे होतो, पण ड्रॅगमध्ये सीडी आणि समोरचं क्षेत्रफळ यांचा गुणाकार असतो. छतावर कॅरिअर किंवा बॉक्स लावला की दोन्ही एकदम वाढतात. अमेरिकन सरकारचे आकडे आहेत की छतावरचा मोठा बोथट बॉक्स ताशी १०५ ते १२० किमीच्या स्पीडला मायलेज १० ते २५ टक्के खाऊ शकतो आणि तेच सामान मागे बॉक्समध्ये लावलं तर नुकसान फारच थोडं. आमच्या धावपट्टीवर एक सकाळ नुसता रिकामा कॅरिअर लावून मोजायला हवं होतं, ते राहून गेलं.

शेपूट आता वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेलं आहे, खाली २८ अंशांचं पण ठेवलंय, मामांनी दोन्हीवर कोन आणि सेकंद मार्करने लिहून ठेवलेत. नाक कोपऱ्यात आहे. पुढच्या बॅचची मुलं आली तेव्हा त्यांनी आधी नाकच उचललं, आणि त्या मुलीने, जी आता नोकरीला लागलीय आणि सुट्टीला आली होती, ते त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवलं आणि त्यांना लोकरीचा गुंडा दिला.